चिमूट

मार्तंडकाका रामबागेतल्या प्रत्येक मुंजीत
श्रीखंडाचं पातेलं घेऊन फिरायचे.
पानावर आडवा हात धरणाऱ्याच्या
बोटांच्या फटीतून वाढायचे.
"लाजू नका, जागा होते," म्हणायचे
आणि व्हायची जागा,
निदान लोक तसं भासवायचे.

मग गुडघे गेले, पंगतींचे बुफे झाले.
बैठकीत दोन फुटी काचपेटी आली,
सहा गोल्डफिश, दाण्यांचा लाल डबा,
आणि काकांना पुन्हा
यजमानपण मिळालं.

सकाळी स्वतःच्या पोह्यांबरोबर एकदा,
वामकुक्षीआधी, चहाला, बातम्यांच्या वेळी.
(शेव एकदाच पडली. चुकून, असं ते म्हणतात.)
मासे काचेशी येत,
तोंड उघडत, मिटत, उघडत.
"बघ, वाढा वाढा म्हणतायत!"
अख्ख्या आयुष्यात त्यांच्यासमोर
एकही पान
इतकं मनापासून पुढे आलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात पाणी ताकासारखं झालं.
मासे दिवसभर वरच,
पाण्याच्या कडेला ओठ लावून.
काकांना वाटलं, भूक वाढली.
चमचाभर जास्त टाकलं.
सकाळी दोघे आडवे तरंगत होते,
आणि त्यांच्या शेजारी
कालचे दाणे, फुगलेले.

छावणीतल्या दुकानात हुजेफाभाईंनी
बाटलीतलं पाणी उजेडात धरलं, हुंगलं.
"अंकल, मछली भूख से कम मरती है,
लाड़ से ज़्यादा."
ते वर यायचे ते मागायला नव्हे,
श्वासाला यायचे. खाली प्राणवायू उरला नव्हता.
उरलेला दाणा खडीत शिरतो, कुजतो,
त्याचं विष पाण्यात उतरतं
आणि डोळ्यांना दिसत नाही.
दोन मिनिटांत संपेल तेवढंच घाला.
माशाचं पोट केवढं?
त्याच्या डोळ्याएवढं.

परतताना रिक्षात काका गप्प.
फक्त एकदा, जुनी इंदूरच्या पुलावर,
"डोळ्याएवढं," म्हणाले,
कुणी भरल्या पानावरून उठून गेल्यासारखं.

आता नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं
त्यातली एक बादली माशांची.
रात्रभर उघडी राहते, क्लोरीन उडून जावा म्हणून.
रविवारी पेटीतलं चौथाई काढतात,
तेवढंच नवं घालतात, सगळं कधीच नाही.
फिल्टरचा स्पंज नळाखाली धरत नाहीत,
त्या काढलेल्या पाण्यातच पिळतात
आणि ते पाणी जातं मोगऱ्याला,
जिथे ते दोघे आहेत.
मोगरा यंदा बेसुमार फुललाय.
काका त्यावर काही बोलत नाहीत.

गुरुवारी माशांचा उपास.
साबुदाणा नाही, शेंगदाण्याचं कूट नाही,
वर लिंबू पिळणं नाही.
असा उपास आमच्या गावाने
कधी बघितलेला नाही.

बाकी दिवशी एक चिमूट.
आमटीत मीठ घालताना काकू घेते
त्याच्या निम्मी.
काका एकेक दाणा सोडतात,
भिंतीवरचं घड्याळ बघतात.
चौघे काचेशी येतात,
तोंड उघडतात, मिटतात, उघडतात.
काकांचा हात डब्यावर घुटमळतो.
मग झाकण लागतं. खट्.
त्या आवाजाला ते अजून
दचकतात.

गेल्या रविवारी जेवायला गेले होते.
काकांनी जिलब्यांचं ताट पुढे केलं, दोन वाढल्या.
मी सवयीने पानावर हात धरला,
"पुरे, काका."
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा
त्यांचा हात खरोखरच थांबला.
माझ्याकडे बघितलं, समजून,
आणि ताट पुढे गेलं.

मला, खरं सांगते,
अजून एक हवी होती.